डब्यातले पाच

पत्र्याच्या डब्यात चिंचोका टाकला की टण् असा आवाज होतो. पहिला चिंचोका सगळ्यांत मोठ्यानं वाजतो, कारण तो उघड्या पत्र्यावर पडतो. नंतरचे आधी पडलेल्यांच्या अंगावर पडतात, म्हणून त्यांचा आवाज जरा बसका. पहिलीच्या वर्गात मी हा आवाज इतकी वर्षं ऐकते आहे, की सुट्टीत घरी डाळीचा डबा भरताना दाणे वाजले तरी मनात मोजणी सुरू होते.

खेळ साधा आहे. मुलं गोल करून बसतात आणि डोळे मिटतात. मी डब्यात एकेक चिंचोका टाकते. टण्, टण्, टण्, टण्, टण्. मग झाकण लावते.

"डब्यात किती?"

"पाऽऽच!"

आता डोळे उघडायचे. मी तळहातावर दोन चिंचोके घेऊन सगळ्यांना दाखवते, झाकण किलकिलं करून तेही आत सोडते आणि झाकण पुन्हा बंद.

"आता किती?"

इथं वर्ग गप्प होतो. जूनमध्ये ही शांतता फार लांब असते. कुणी डब्याकडे टक लावून बघतं, जणू पत्र्याच्या आरपार दिसेल. कुणी "झाकण काढा ना बाई" म्हणतं. कुणी हवेतच बोट नाचवत पुन्हा एकपासून सुरू करतं. आणि एखादं मूल डब्याकडे न बघता हळूच पुटपुटतं, "पाच... सहा, सात." ते पुटपुटणं ऐकायला मी थांबलेली असते. त्या मुलानं आतले पाच पुन्हा मोजले नाहीत. ते आत आहेत आणि पाचच आहेत, हे त्याला पुरलं. तिथून पुढे ते चालायला लागलं.

बेरीज म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे पुटपुटणं ऐकवीन.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला ठाऊक नव्हतं. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा फळ्यावर ६ + ३ लिहायचे आणि मुलांना रेघा मारायला शिकवायचे. सहाखाली सहा रेघा, तीनखाली तीन रेघा, मग सगळ्या मिळून मोजा. मुलं मान खाली घालून रेघा ओढत आणि एकपासून नऊपर्यंत मोजत. उत्तर बरोबर. मी पाटीवर बरोबरची खूण करायची आणि पुढच्या मुलाकडे वळायची. पाहणीला येणारे साहेबही खूश असत.

ती मुलं दुसरीत गेली. एक दिवस २७ + १५ असं गणित दिलं आणि बाकांमधून फिरत असताना एका मुलाच्या पाटीपाशी माझा पाय थांबला. त्यानं पाटीभर रेघा मारल्या होत्या. आधी सत्तावीस, मग पंधरा. जागा संपली म्हणून शेवटच्या रेघा पाटीच्या लाकडी कडेवर चढल्या होत्या. तो बोटानं एकेक रेघ दाबत मोजत होता, तिशीच्या पुढे कुठंतरी चुकत होता आणि पुन्हा एकपासून सुरू करत होता. रडत नव्हता, कुरकुरत नव्हता. मी शिकवलं तेच तो प्रामाणिकपणे करत होता. पहिलीत त्याच्या पाटीवर मी जेवढ्या बरोबरच्या खुणा केल्या होत्या, त्या सगळ्या मला त्या दिवशी आठवल्या.

त्याला सत्तावीस ही एक वस्तू म्हणून कधी भेटलीच नव्हती. त्याच्यासाठी प्रत्येक संख्या म्हणजे एकापासूनचा पूर्ण प्रवास. पहिली रास मोजून झाली, दुसरी मोजून झाली, की दोन्ही मोडायच्या आणि पुन्हा पहिल्या दाण्यापासून चालायला लागायचं. लहान मुलं सुरुवातीला असंच करतात, त्यात वावगं काही नाही. पण तिथून निघून 'सहाच्या पुढे' मोजायला लागणं, आणि नंतर ३ + ८ आलं तर आपण होऊन आठापासून सुरुवात करणं, या दोन पायऱ्या आहेत. रेघांच्या पद्धतीत त्या पायऱ्या चढायची गरजच पडत नाही, कारण सगळं कायम डोळ्यांसमोर असतं. समोर आहे म्हटल्यावर मूल मोजणारच.

म्हणून झाकण हवं.

आमच्याकडे शिक्षकांमध्ये एक वाक्य फार चालतं: "मोठी संख्या डोक्यात ठेवा, लहान संख्या बोटांवर घ्या." मीही ते खूप वर्षं म्हटलं आहे. मुलं डोक्याला हात लावून "सहा" म्हणतात, तीन बोटं उघडतात आणि बोटं मोजून सांगतात, "तीन." डोक्यात ठेवलेल्या सहाचं काय झालं, कुणाला पत्ता नसतो. सांगून ठेवलेली गोष्ट डोक्यात राहत नाही. डब्यात स्वतःच्या कानांनी ऐकून ठेवलेली राहते. काही दिवसांनी मी डबा काढून घेते आणि नुसत्या ओंजळीचा डबा करते, आणखी काही दिवसांनी ओंजळही लागत नाही. तेव्हा मुलं आपल्या मनानं डोक्याला हात लावतात, आणि त्या वेळी तिथं खरंच काहीतरी ठेवलेलं असतं.

चिंचोक्यांचा दुसरा खेळ माझा नाही, गावाचा आहे. एकी का बेकी. मुठीत चिंचोके धरायचे, समोरच्यानं ओळखायचं. गावातल्या म्हाताऱ्यांनी तो गुरं राखताना खेळलेला आहे. मी त्यात एवढीच भर घातली की एकूण किती ते आधी ठरवायचं. समजा, सात. सगळ्यांसमोर सात चिंचोके मोजायचे, पाठीमागे हात नेऊन दोन मुठींत वाटायचे आणि एक मूठ उघडायची. चार दिसतात. दुसऱ्या मुठीत किती?

या खेळात मुलं अक्षरशः मुठीवर तुटून पडतात. बंद मुठीचं आकर्षण मोठं असतं. आणि त्या ओढाताणीत सात ही संख्या आतून दिसायला लागते: चार आणि तीन, पाच आणि दोन, सहा आणि एक. एकदा एका मुलानं सगळे सात एकाच मुठीत ठेवले आणि रिकामी मूठ उघडून दाखवली. वर्ग आधी गोंधळला आणि मग हसून लोळला. शून्य अधिक सात मला त्यानंतर कधी शिकवावं लागलं नाही.

याचा एक फायदा मला उशिरा कळला. फळ्यावर नेहमी ४ + ३ = असं लिहून पुढे जागा सोडली की मुलं बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा घेतात. मग ७ = ४ + ▢ असं लिहिलं की चौकटीत ११ येतात. मुठीचा खेळ खेळलेली मुलं या चौकटीला मूठ म्हणतात. "बाई, मुठीत तीन हायेत." मीही आता चौकटीच्या जागी मूठच काढते. फारशी चांगली येत नाही, पण मुलांना ओळखू येते.

पटावरचे खेळ तर किती सांगावेत. सापशिडी सगळ्यांच्या घरी पोचली आहे. तिच्यात मी दोन फासे देते, म्हणजे घर सरकण्याआधी बेरीज करावीच लागते. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, हे मुलांना सांगायचं नाही. फासा टाकून वरचा आकडा बघायचा आणि खाली कुठला दडला आहे ते मी आधीच सांगायचं. तीन-चार दिवस मी त्यांच्यासाठी जादूगार असते. मग कुणीतरी फासा उलटसुलट करत कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि त्या दिवसापासून जादू त्याची होते.

पण माझ्या मनात खरी जागा चल्लस आठची आहे. पाच बाय पाच घरांचा पट, खडूनं किंवा कोळशानं फरशीवर काढलेला. चार कवड्या, आणि कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांच्या फाका: एक बाजू काळपट तपकिरी, एक पांढरी. चार फाका टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर तितकी घरं. चारही वर आल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की आणखी एक डाव. दुपारच्या सुट्टीत मोठ्या वर्गांतल्या मुली व्हरांड्यात हा खेळ मांडतात. पहिलीच्या पोरी आधी नुसत्या बघायला बसतात, मग एखादी मोठी ताई त्यांना भिडू करून घेते. पुढच्या गोटीला मारायला पाच घरं हवीत, म्हणजे चौका पडला पाहिजे आणि वर एक, नाहीतर तीन आणि पुढच्या डावात दोन. हा हिशेब सहा वर्षांची पोरगी उकिडवी बसून, श्वास रोखून करते. मी तिला वर्गात तेच गणित दिलं असतं तर ती भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली असती.

मैदानावरचा एक खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. "डोंगराला आग लागली, पळा पळा पळा!" मुलं गोल पळतात, गुरुजी किंवा बाई एक आकडा ओरडतात आणि तेवढ्यांचा गट करायचा. मी "चार!" न ओरडता "दोन अधिक दोन!" ओरडते. मजा येते. पण या खेळाशी माझं एक भांडण आहे. जे मूल गटात मावत नाही ते बाद. आणि दर वेळी बाद होणारं मूल बहुतेक तेच असतं: ज्याला हिशेब उशिरा लागतो, किंवा ज्याचा हात धरायला कुणी पुढे येत नाही. ज्याला खेळाची सगळ्यांत जास्त गरज, तेच सगळ्यांत आधी कडेला जाऊन बसतं. गणितात मागे पडणं आणि गावात मागे ढकललं जाणं या दोन गोष्टी मुलाच्या मनात अशा एकत्र होऊ देणं मला मंजूर नाही. आमच्या शाळेत उरलेले बाद होत नाहीत. ते एकत्र उभे राहतात आणि ओरडून सांगतात, "आम्ही दोन, आम्हाला आणखी दोन पाहिजेत!" आणि सगळी मुलं त्यांना टाळ्या देतात, कारण त्या डावातलं सगळ्यांत अवघड गणित त्यांनी केलेलं असतं.

आता मला जिच्याबद्दल लिहायचं होतं ती मुलगी.

आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यांच्याबरोबर लेकरं, कधी एखादी शेळी. मार्च-एप्रिलमध्ये परततात. ही मुलगी जूनमध्ये पहिलीत आली, ऑक्टोबरमध्ये गेली आणि परत आली तेव्हा वर्ग वीस-तीसच्या बेरजांवर पोचला होता. मी तिच्या पाटीवर ५ + ४ लिहिलं. तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगठ्याचं नख खाऊ लागली. अधिकच्या चिन्हाला ती फुली म्हणाली. मी मनात नोंद केली: सगळं विसरली, पहिल्यापासून शिकवावं लागणार.

त्या दिवशी दुपारी खिचडी वाढून झाल्यावर ती आमच्या स्वयंपाकाच्या ताईंना काहीतरी सांगत होती. कारखान्यावर आई-बाप फडात असायचे आणि ही कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, वाढ्याच्या ढिगाजवळ बसायची. उसाचे शेंडे, म्हणजे वाढं, जनावरांना घालायला आसपासचे लोक विकत नेतात. "एकानं पाच पेंढ्या नेल्या, मंग मागं फिरला आन् अजून चार घेतल्या. म्या आयेला सांगितलं, नऊचं पैसं घे."

मी ताटली तशीच खाली ठेवली. "नऊ कसं कळलं गं तुला?"

तिनं मला हात दाखवला. अंगठा बोटांच्या पेरांवर. करंगळीची तीन पेरं, मग शेजारच्या बोटाची तीन, मग मधल्या बोटाची. तिची आई मोळ्या अशाच मोजायची. पाच म्हणजे दुसऱ्या बोटाचं मधलं पेर. अंगठा तिथं थांबलेला. माणूस मागे फिरला, चार पेंढ्या आणखी घेतल्या, अंगठा चार पेरं पुढे सरकला. मधल्या बोटाचं शेवटचं पेर. ते पेर म्हणजे नऊ, हे तिला मोजावं लागत नव्हतं. घरात कुठला कोनाडा कुठं आहे हे जसं अंधारातही कळतं, तसं ते तिला ठाऊक होतं.

म्हणजे माझ्या डब्याचं झाकण तिच्या अंगठ्यात होतं. पहिले पाच कुठं ठेवायचे हे ती कुठल्याही शाळेत न जाता शिकून आली होती. जूनमध्ये मीच तिला सांगितलं होतं, "पेरांवर नको मोजू, बोटं अशी सरळ उघड." तिचा हात धरून बोटं उघडून दिली होती मी. हे लिहितानाही मला तो लहानसा खरबरीत हात आठवतो आणि वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पेंढ्यांचं दुकान मांडलं. शाळेमागे उगवलेलं गवत, त्याच्या बोटभर पेंढ्या. ती दुकानदार. गिऱ्हाइकं सारखी मागं फिरायची आणि अजून मागायची, हा नियम. पाच पेंढ्या झाल्या की एक पाचुंदा बांधायचा. हा शब्द गावात कडब्यासाठी अजून वापरात आहे, मला तो पुस्तकातून आणावा लागला नाही. पाचुंद्यांमुळे एक गोष्ट आपोआप झाली: एक पाचुंदा आणि दोन म्हणजे सात, हे मुलं न मोजता बोलू लागली. दोन पाचुंदे म्हणजे दहा. तिथून दहाच्या गठ्ठ्यावर जायला किती वेळ लागणार? बेरजेतल्या ज्या 'हातचा'नं पुढे मुलं रडकुंडीला येतात, तो शब्दच किती नेमका आहे बघा. सुट्या पेंढ्या दहा झाल्या, गठ्ठा बांधला, तो ठेवायला जागा सापडेपर्यंत हातात धरला. तो हातचा. ज्यानं गठ्ठा खरोखर हातात धरला आहे त्याला तो दशकाच्या घरात का न्यायचा, हे समजावून सांगावं लागत नाही.

संख्यांच्या नावांचा मात्र आपल्या भाषेत खरा त्रास आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मूल पंचवीस ऐकतं, त्यात पाच आधी येतात, म्हणून ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर वजाबाकीच लपलेली आहे, तिसाला एक उणे. म्हणजे बेरीज शिकणाऱ्या मुलाला संख्येचं नाव उच्चारतानाच वजाबाकी करावी लागते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' अशी रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला. मराठी बुडाली, असं लोक म्हणत होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधीच बोलतात. मला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं होतं आणि आजही पटतं. आमच्या गावातली म्हातारी माणसं पंचेचाळीस म्हणत नाहीत, "दोन ईस आन् पाच" म्हणतात. दोन विसा आधी, सुटे पाच नंतर. ती काय मराठी नाही? वर्गात मी दोन्ही बोलते. गठ्ठे मांडताना 'वीस पाच', गोष्ट सांगताना पंचवीस. मुलं एका आठवड्यात दोन्ही बोलू लागतात, मोठ्यांना वाटते तेवढी ती गोंधळत नाहीत.

या सगळ्याला साहित्य काय लागलं? चिंचोके, डबा, गवत, खडू. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरींची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर कुठून आणायची? मग त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं यांनाच साधनं केलं, आणि मुलं अंगणात येईनात तर शाळा गुरांमागे कुरणात नेली. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात आम्हाला हे सांगितलं गेलं तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. वाढ्याच्या पेंढ्या दिसेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. अलीकडे शाळेला छापील खेळांचे संच येतात, त्यातले काही छान आहेत. पण बरेचसे म्हणजे तीच जुनी रेघांची गणितं, शेजारी फुगे आणि ससे काढलेली. तो खेळ नाही. खेळात मुलाला काहीतरी ओळखायचं असतं, उघडून बघायचं असतं, आणि चुकलं तरी डाव पुढे चालतो.

ती मुलगी दुसरीत आली. पाटीवरचं लिहायला तिला वेळ लागला, पण डब्याच्या खेळात तिला कुणी हरवू शकत नसे. सप्टेंबरअखेर एका दुपारी ती म्हणाली, "बाई, आज तुमी डोळं मिटा. म्या टाकते."

मी डोळे मिटले. टण्. टण्, टण्. थोडं थांबून टण्, टण्, टण्. झाकण लागल्याचा आवाज. मग तिनं माझ्या तळहातावर एक चिंचोका ठेवला, तो मला चाचपू दिला आणि तोही आत टाकला.

"किती?"

"सात," मी म्हटलं.

"उघडा."

मी झाकण काढून डबा चटईवर ओतला. आठ होते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ती तोंडावर हात धरून हसत होती, खांदे हलत होते.

"एक म्या कडंकडंनं सोडला," ती म्हणाली. "त्यो वाजलाच न्हाई."

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला तेव्हा भांडी, अंथरुणं, सरपण सगळं ट्रॉलीत चढलं होतं आणि ती अगदी वर, गाठोड्यांवर बसली होती. मी डबा तिच्या हातात दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला, झाकणावर हात ठेवला आणि वरूनच मला ओरडून विचारलं, "सांगा, किती?"